आकाशातला राखणदार

दोनापावलाची एनआयओ, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, आपल्याला बाहेरून चांगली ओळखीची. जाता-येता पाटी दिसते, आत काय चालते ते मात्र आपण क्वचितच विचारतो. 2017 च्या जानेवारीत या संस्थेच्या शास्त्रज्ञांना एक विलक्षण योग आला. 23 तारखेला डॉ. अभय मुधोळकर यांच्या नेतृत्वाखाली एक तुकडी 'सिंधु संकल्प' नौकेवरून अंदमानच्या समुद्रात, बॅरन बेटाजवळ, समुद्रतळाचे नमुने गोळा करत होती. तेवढ्यात बेटावरच्या ज्वालामुखीने राख ओकायला सुरुवात केली. नौका सुमारे मैलभर अंतरावर नेऊन मंडळींनी ते नाट्य पाहिले. दिवसा नुसते राखेचे लोट, आणि सूर्य बुडाल्यावर लाव्हाची लालभडक कारंजी.

भारतातला हा एकमेव जागता ज्वालामुखी. दीड शतकाहून अधिक काळ झोपून 1991 मध्ये तो उठला, आणि तेव्हापासून अधूनमधून धुमसतो आहे. बेटावर माणसाची वस्ती नाही. गोव्याची नौका तिथे त्याच दिवशी असणे हा योगायोग होता. मग एरवी त्याच्यावर लक्ष कोण ठेवतो? उत्तर सोपे आहे: उपग्रह. आमच्या गावांच्या वेशीवर राखणदार असतो ना, रात्री हातात दांडा घेऊन सीमेवरून फिरणारा, तसाच हा आकाशातला राखणदार. फिरतो, पाहतो, झोपत नाही. पण त्याने पाहिले म्हणजे गाव वाचले का? आजचा लेख या प्रश्नासाठी आहे.

आधी हा राखणदार पाहतो कसे ते समजून घेऊ. पहिली खूण उष्णतेची. शिमग्यातली होळी लांबच्या डोंगरावरूनही दिसते. तसे उपग्रहाच्या चित्रातल्या किलोमीटरभराच्या चौकोनात थोडासा लाव्हा उघडा पडला तरी अवरक्त किरणांत तो चौकोन उठून दिसतो. 1999 मध्ये सोडलेल्या 'टेरा' उपग्रहावरच्या 'मोडिस' उपकरणाची माहिती घेऊन हवाई विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी जगभरचे ज्वालामुखी असे आपोआप टिपणारी पद्धत बसवली.

दुसरी खूण वायूची, आणि तिची गोष्ट मला फार आवडते. 1982 मध्ये मेक्सिकोतला एल चिचोन फुटला. सुमारे 2,000 माणसे गेली. त्या वेळी 'निंबस-7' उपग्रह ओझोन मोजत फिरत होता. मेक्सिकोवर त्याला अशक्य वाटावा इतका ओझोन दिसला. दुसरा कुणी असता तर उपकरण बिघडले म्हणून आकडा पुसून मोकळा झाला असता. नासाचे आर्लिन क्रूगर यांनी तो पुसला नाही. हा ओझोन नसून ज्वालामुखीतून निघालेला सल्फर डायऑक्साइड आहे, तोही तेच अतिनील किरण शोषतो, हे त्यांनी ओळखले. चुकीच्या वाटणाऱ्या आकड्याशी प्रामाणिक राहिल्यामुळे एक नवे शास्त्र हाती आले.

तिसरी खूण जमिनीच्या आकाराची. रडारचा उपग्रह स्वतःच लहरी सोडतो आणि परत येणाऱ्या लहरी टिपतो. त्याला ढग आडवे येत नाहीत, रात्र आडवी येत नाही. दोन फेऱ्यांतली चित्रे जुळवून पाहिली की डोंगराची कूस काही सेंटिमीटरने फुगली तरी कळते.

आता जावा बेटावर चला. योग्याकार्ता शहराच्या उत्तरेला मेरापी उभा आहे. त्याच्या उतारावर गावे आहेत, शेती आहे, गुरे आहेत. या डोंगराचा एक राखणदार योग्याकार्ताच्या सुलतानाने नेमलेला असतो. त्याला 'जुरु कुंची' म्हणतात, म्हणजे किल्ली सांभाळणारा. 2010 मध्ये हे काम म्बाह मारिजान यांच्याकडे होते. 'म्बाह' म्हणजे आजोबा. 2006 मध्ये सरकारने डोंगर उतरायला सांगितले तेव्हा ते उतरले नाहीत. त्यांचे गाव वाचले आणि म्हातारबाबा देशभर गाजले. शक्तिवर्धक पेयाच्या जाहिरातीतही झळकले.

2010 च्या ऑक्टोबरमध्ये मेरापी पुन्हा अस्वस्थ झाला. भूकंपमापकांनी आणि डोंगरावरच्या मोजमापांनी आधी वर्दी दिली. 25 ऑक्टोबरला सर्वांत वरचा इशारा लागू झाला. म्बाह मारिजान याही वेळी आपल्या गावात, किनाहरेजोत, राहिले. 26 ऑक्टोबरच्या संध्याकाळी तापलेल्या वायूचा आणि राखेचा लोट गावावरून गेला. ते गेले, त्यांच्याबरोबर गावातली आणखी कितीतरी माणसे गेली.

खरी परीक्षा त्यानंतरची. शिखरावर ढग आणि धूर, वर जाणे अशक्य. तेव्हा कॅनडा आणि जर्मनी यांच्या रडार-उपग्रहांची चित्रे इंडोनेशियाच्या शास्त्रज्ञांपर्यंत पोचवली गेली. त्यांत शिखरावर लाव्हाचा नवा घुमट दिसला. नोव्हेंबरच्या पहिल्या चार दिवसांत तो सेकंदाला सुमारे 25 घनमीटर या वेगाने वाढत होता. उन्हाळ्यात आपल्या दारात येणारा दहा हजार लिटरचा टँकर आठवा. असे अडीच टँकर भरून लाव्हा, दर सेकंदाला. ज्वालामुखी खात्याचे प्रमुख सुरोनो यांनी धोक्याची हद्द 10 किलोमीटरवरून 15 वर आणि मग 20 वर नेली. 5 नोव्हेंबरच्या मध्यरात्रीनंतर सर्वांत मोठा स्फोट झाला. या उद्रेकात साडेतीनशेहून अधिक माणसे मेली, पण वेळीच हलवल्यामुळे 10 ते 20 हजार जीव वाचले असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

ही गोष्ट ऐकून कुणी म्हणेल, 'पाहा, श्रद्धा हरली, विज्ञान जिंकले.' मला हा निकाल अर्धवट वाटतो. विज्ञानाजवळ उत्तर असूनही माणसे मेलेली आहेत. कोलंबियात 1985 च्या नोव्हेंबरमध्ये नेवादो देल रुईझ फुटला, शिखरावरचे बर्फ वितळले आणि चिखलाच्या लोंढ्याने आर्मेरो गाव गाडले. सुमारे 23,000 माणसे गेली. धोक्याचा नकाशा महिनाभर आधीच तयार होता, आणि लोंढा गावापर्यंत यायला दोन तासांहून अधिक वेळ लागला होता. डोळ्यांना दिसले होते, पायांपर्यंत पोचले नाही.

म्हणून मेरापीच्या गोष्टीतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग उपग्रहाचा नाही. लोकांनी त्या सुरोनोंना एक नाव दिले: 'म्बाह रोनो'. खात्याच्या साहेबाला गावाने आजोबा केले! टीव्हीवर ते साध्या भाषेत बोलत, आणि हजारो माणसे त्यांचा शब्द मानून घर सोडून निघाली. गुरे मागे ठेवून निघणे किती कठीण असते ते शेतकऱ्यालाच ठाऊक. सेकंदाला 25 घनमीटर या आकड्याने कुणी घर सोडत नाही. ज्याच्यावर विश्वास आहे त्याने 'चला' म्हटले तर सोडतो. म्बाह मारिजान यांच्यापाशी तो विश्वास होता, मोजमाप नव्हते. आर्मेरोत मोजमाप होते, विश्वास नव्हता. सुरोनोंकडे दोन्ही होते.

यावर एक आक्षेप येईल, तोही खरा आहे. विश्वास मागणारा माणूस चुकू शकतो. इशारा दिला आणि डोंगर गप्प राहिला तर पुढच्या वेळी कोण ऐकेल? 2006 नंतर मेरापीवर काहीसे हेच घडले. पण यावर उपाय गप्प बसणे हा नव्हे. आपल्याला काय कळले, काय कळलेले नाही, हे लोकांना त्यांच्या भाषेत आधीपासून सांगत राहणे हा आहे. संकटाच्या दिवशी ओळख करून घ्यायला वेळ नसतो.

आपली इस्रो 2001 पासून त्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, ज्याखाली आपत्तीच्या वेळी देश एकमेकांना उपग्रहचित्रे देतात. आकाशातले आपले डोळे चांगले आहेत. उणीव आहे ती जमिनीवरच्या आवाजाची. गोव्यात ज्वालामुखी नाही, पण वादळ आहे, पूर आहे, दरड आहे. दोनापावलातल्या शास्त्रज्ञाने वर्षातून चार वेळा तरी शाळेत, देवळाच्या चौकात, मासळीबाजारात येऊन मराठीत, कोंकणीत बोलावे, आणि आपण त्याला चहा पाजून प्रश्न विचारावेत. आजोबा म्हणण्याइतका तो आपला व्हावा. आकाशातल्या राखणदाराची हाक गावाला ऐकू यायची असेल, तर ती ओळखीच्या गळ्यातूनच यायला हवी.