वारसाचा चेहरा

मेरी पिकफर्डच्या ‘लिटल लॉर्ड फाँटलरॉय’ (१९२१) या मूकपटाविषयीचे लेखन बहुधा चार्ल्स रोशर या छायालेखकाच्या करामतीपाशी सुरू होते आणि तेथेच संपते. २९ वर्षांची अभिनेत्री लहानगा सेड्रिक आणि त्याची आई या दोन्ही भूमिका करते. दुहेरी चित्रणाच्या आधारे स्वतःचेच चुंबन घेते. त्या क्षणभराच्या दृश्याला १५ तास लागल्याची कथा कौतुकाने सांगितली जाते. तास मोजून झाले की समीक्षकाची जबाबदारी जणू संपली! उरलेल्या चित्रपटासाठी ‘भाबडा’ हे विशेषण पुरते.

तंत्र आणि आशय यांची ही फारकतच मुळात अग्राह्य आहे. फ्रान्सिस हॉजसन बर्नेट यांच्या १८८६ च्या कादंबरीत अर्ल ऑफ डोरिनकोर्ट हा इंग्रज सरदार अमेरिकेत वाढलेल्या नातवाला वारस म्हणून बोलावून घेतो. त्याच्या अमेरिकन आईला मात्र वाड्यात थारा देत नाही. घराण्याला रक्त हवे आहे, ते जिच्या उदरी वाढले ती नको आहे. कादंबरी हे केवळ सांगू शकते. चित्रपट वारसाला आईचाच चेहरा देतो. म्हातारा अर्ल नातवाच्या मुखावर आपला वंश न्याहाळत असतो, आणि प्रेक्षकाला तेथे दाराबाहेर ठेवलेली सूनच दिसत असते. वंशावळीने वगळलेली स्त्री अशी वंशावळीच्या मध्यभागी वावरते. याला निव्वळ करामत म्हणणे म्हणजे संहिता वाचण्याचेच नाकारणे होय.

अर्थात, एवढ्यावरून चित्रपटाला सरंजामशाहीविरोधी ठरवणे हाही आळसच. कथेत आणखी एक आई आहे : आपला मुलगाच खरा वारस, असा दावा करणारी. ती समोर उभी ठाकते तेव्हा कोठे, तिच्या तुलनेत, अर्लला आपल्या सुनेची थोरवी पटू लागते. पुढे त्या बाईचे बिंग फुटते आणि ती कथेतून हाकलली जाते. तिच्या मुलाला कॅमेरा आईचा चेहरा देत नाही. सुनेसाठी वाड्याचे दार उघडते तेही हक्काने नव्हे, अर्लच्या मर्जीने. जहागिरीतील कुळांच्या पडक्या घरांची वार्ता कादंबरीत तीच मुलाच्या कानी घालते. उदार ठरतात ते मात्र आजोबा आणि नातू.