जत्रेतल्या पडद्यावर ढेकण्या दाखवा

मोटारीत बसून उघड्यावर सिनेमा बघायचा, याला ड्राईव्ह-इन म्हणतात. पहिले १९३३ साली अमेरिकेत न्यू जर्सीत सुरू झाले. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातले २०२१ मध्ये निघाले. मोटारींचे कौतुक त्यांचे त्यांना राहो. उघड्यावरचा मोठा पडदा मात्र आपल्या कामाचा आहे, आणि सरपंच-ग्रामसेवकांनी ते मनावर घ्यावे.

काजूवरचा ढेकण्या जेमतेम अर्ध्या-पाऊण सेंटिमीटरचा. कोवळ्या पालवीतला, मोहोरातला रस शोषतो. तिथे काळे डाग पडतात, शेंडा वाळतो. आपण म्हणतो, "मळबान मोहर करपलो." फवारणी पालवी फुटताना, मोहोर येताना आणि फळ धरताना करायची, हे आम्ही खात्याची माणसे मोबाईलवर चित्रफीत पाठवून सांगतो. पण बागेचा कारभार ज्याच्या हाती, तो साठीतला बागायतदार म्हणतो, "माका ह्येच्यात काय दिसना नाय." बरोबरच आहे. तळहाताएवढ्या काचेवर किडा तो काय दिसणार! आठ फुटी पडद्यावर तोच हातभर दिसतो. शंभर माणसे एकदम बघतात, आणि तिथेच एकमेकांना विचारतात.

पालवी-मोहोराचे दिवस आणि आपल्या जत्रांचे दिवस एकच. दशावतार रंगतो रात्री उशिरा. त्याआधी दिवेलागणीनंतर माणसे खाजे-चहा घेत फिरतच असतात. त्यातली पंधरा मिनिटे मागतो आहे.

प्रोजेक्टर शाळेत असतो, तो मागून घ्या. पण हौसेने पडदा फार मोठा करू नका. रुंदी दुप्पट केली की पडदा चौपट होतो आणि उजेड चौथाईवर येतो. ड्राईव्ह-इनला प्रचंड ताकदीचे दिवे लागतात ते याचसाठी. जुन्या ७० मिलिमीटर फितीची चौकट ३५ मिलिमीटरच्या तिपटीहून मोठी, म्हणून मोठ्या पडद्यावरही चित्र स्वच्छ पडे. 'शोले' १९७५ मध्ये मोठ्या थेटरांत तसाच दाखवला. शाळेच्या प्रोजेक्टरला ते झेपणारे नाही. आठ फूट पुरे, आणि जवळच्या ट्यूबलाइटी तेवढा वेळ बंद ठेवा. दव पडते, तेव्हा यंत्र मांडवाखालीच हवे. भिंत पांढरी असेल तर कापडही नको.

ग्रामसभेत विषय घ्या, देवस्थानच्या मानकऱ्यांना विचारा आणि जत्रेची तारीख आपल्या कृषी सहायकाला आठवडाभर आधी कळवा. चित्रफीत आणि डाग पडलेली पालवी घेऊन आम्ही येतो.