जाहीरनामा वाचा, हिशेब मागा

निवडणूक जिल्हा परिषदेची असो की लोकसभेची, उमेदवार वस्तीत येतो, बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घालतो, हात जोडतो आणि निघून जातो. त्याने वाटलेला जाहीरनामा आपण वाचत नाही. दुसऱ्या दिवशी त्यात पोरांच्या भाकरी बांधल्या जातात. बंधू-भगिनींनो, इथेच आपली चूक होते. बाबासाहेबांना हार घालणाऱ्याला बाबासाहेबांचाच जाहीरनामा दाखवायला नको का?

१९३६ साली बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. फेब्रुवारी १९३७ मध्ये मुंबई इलाख्यात निवडणूक झाली आणि ते स्वतः भायखळा-परळ भागातून निवडून आले. त्या पक्षाने काय सांगितले होते? कामगाराला कामावर घेणे, काढणे आणि बढती देणे यावर कायद्याचा अंकुश, कामाच्या तासांना मर्यादा, पुरेसा पगार, भरपगारी रजा, स्वस्त व आरोग्यदायी घरे. आपले आजोबा-पणजोबा तेव्हा निजामाच्या राज्यात होते. परभणीला त्या निवडणुकीत मतच नव्हते.

हे नुसते कागदावरचे बोल नव्हते. त्याआधी १९२८ सालीच गिरणीत राबणाऱ्या बायांना बाळंतपणाचा भत्ता देणाऱ्या विधेयकाला बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात पाठिंबा दिला होता. आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून सरकारनेही खर्चाचा भार उचलावा, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ साली तो कायदा झाला. नोव्हेंबर १९३८ मध्ये पक्षाचे आमदार पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाच्या सोयींचा ठराव मांडला. सभागृहाने तो फेटाळला. आज त्याच सोयी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. १९४३ मध्ये प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपवले गेले. त्यातूनच पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांत आठवड्याचे ५४ तास कमी होऊन ४८ झाले.

या विम्याचा हिशेब सोपा आहे. महिना २१ हजार रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार पाऊण टक्का भरतो, मालक सव्वातीन टक्के भरतो. १२ हजार पगार असेल तर कामगाराचे ९० रुपये, मालकाचे ३९० रुपये. त्यात सगळ्या घराला औषधोपचार. शिवाय कामगार आजारी पडला तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत सत्तर टक्के पगार. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ही योजना सामाजिक सुरक्षा संहितेत गेली आहे.

मग आपल्या जिल्ह्यात हे किती घरांना लागू होते? विम्यासाठी दहा कामगार लागतात, आणि हंगामी कारखाने त्यातून वगळलेले आहेत. कापसाचे जिनिंग, प्रेसिंग, साखर आणि गूळ ही नावे हंगामी म्हणून कायद्यातच लिहिलेली आहेत. मानवत-सेलूचे जिनिंग आणि गंगाखेड-पाथरीकडची साखर सोडली तर आपल्या माणसांना काम देणारे कारखाने उरतात किती? ऊसतोड करणारा तर मुकादमाच्या टोळीतला. उचल घेतलेली, कोयता नवरा-बायको मिळून. बाई आजारी पडली तर दवाखान्याचा खर्च वेगळा आणि खाडा वेगळा. शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला, तो याच परिस्थितीतून.

कोणी म्हणेल, महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे ना? आहे. २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, त्याचा लाभ जरूर घ्यावा. पण ती दवाखान्यात भरती झाल्यावर, ठरलेल्या उपचारांना. बुडालेली मजुरी ती देत नाही. गरिबाचे घर सावकाराच्या दारात जाते ते पुष्कळदा बुडालेल्या मजुरीमुळे.

म्हणून ज्याचे काम त्याला विचारा. खासदारकीच्या उमेदवाराला विचारा: हंगामी कामगाराला विम्याबाहेर ठेवणारे कलम बदला, असे तुम्ही संसदेत मांडाल का? आमदारकीच्या उमेदवाराला विचारा: परभणीत २०२३ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तिथे आणि तालुक्याच्या रुग्णालयात डॉक्टर, परिचारिका, औषधे पुरी पडावीत म्हणून काय करणार? जिल्हा परिषदेच्या उमेदवाराला विचारा: प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री बाळंतीण आली तर कोण हजर असेल? टोळी गाव सोडून जाते तेव्हा मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या गोळ्यांचे काय?

उत्तर वहीत लिहा, तारीख घाला, चार माणसांसमोर वाचून दाखवा. हे काम महिला मंडळाने हाती घेतले तर अधिक चांगले, कारण आजारपणाची झळ आधी बाईलाच बसते. उमेदवार निवडून आल्यावर तीच वही घेऊन त्याच्या दारी जा.

बाबासाहेबांनी मताचा अधिकार मिळवून दिला तो नुसते बोटाला शाई लावून घेण्यासाठी नाही. मत द्यायचे आणि हिशेबही घ्यायचा. जयभीम!