तळ्यात चुना टाकण्याआधी सामू बघा



2016 साली शासनाची 'मागेल त्याला शेततळे' योजना आली आणि उसाच्या पट्ट्यातही वस्तीशेजारी शेततळी दिसू लागली. पाणी साठतेच आहे तर मासेही होतील, या विचाराने त्यांत रोहू, कटला, मृगळ सोडले जातात. हे चांगलेच आहे. पण मासा मलूल दिसला की टाक चुना, पाणी हिरवे झाले की टाक चुना, हा जो परिपाठ पडला आहे तो आम्हाला मान्य नाही.

चुन्याचा सल्ला मुळात आम्ल माती-पाण्यासाठी आहे. कोकणातल्या जांभ्या जमिनीत तो लागू पडतो. आपल्या काळ्या रानात चुनखडी मूळचीच असते आणि विहिरीचे पाणी बहुधा जड असते. चोपण रानात आपण चुना टाकतो का? मग त्याच रानातल्या तळ्यात कशासाठी?

नुकसान कसे होते ते पाहा. माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य यांतून पाण्यात अमोनिया तयार होतो. उसाला दिलेला युरिया पावसाने वाहून आला की त्यात भरच पडते. हा सगळाच अमोनिया सारखा विषारी नसतो. पाणी 25 अंश सेल्सिअस असेल तर सामू 7 असताना विषारी भाग शेकडा 1 सुद्धा नसतो. सामू 8 झाला की तो 5 च्या आसपास जातो आणि 9 ला 36 पर्यंत. म्हणजे आजारी तळ्यात कळीचा चुना टाकला की अमोनिया तेवढाच राहतो, विष मात्र कित्येक पटीने वाढते.

दुसरी गोष्ट वेळेची. हिरव्या पाण्यातले शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते, पण रात्री तळ्यातले सगळेच जीव तो वापरतात. म्हणून पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो आणि सामूही उतरलेला असतो. दुपारी दोन-तीनला दोन्ही चढलेले असतात. एका वेळच्या तपासणीवर विसंबायचे नाही. पहाटे आणि दुपारी, दोन्ही वेळा काठावरच तपासायचे. सामू साडेसहा ते साडेआठ असावा, प्राणवायू लिटरला 5 मिलिग्रॅमच्या वर असावा. पहाटे मासे वर येऊन तोंडे उघडीत असतील तर तो प्राणवायूचा तुटवडा समजावा. तेव्हा चुना नको. खाद्य आणि शेण बंद करा, मोटार लावून तळ्याचेच पाणी उंचावरून फवाऱ्यासारखे तळ्यात पाडा.

चुना कधीच नको, असे आमचे म्हणणे नाही. प्लॅस्टिक कागदाच्या तळ्यात नुसते पावसाचे पाणी असेल तर ते मऊ असते, सामू सांभाळायची ताकद त्यात कमी. तिथे तपासणी करून चुनखडीची पूड द्यावी. तळे रिकामे करून तळ निर्जंतुक करायला कळीचा चुनाही चालतो. मासे असताना मात्र नाही.

आपल्या कारखान्यात रसाला चुन्याची निवळी देताना सामू पाहिल्याशिवाय हात पुढे जात नाही. कमी पडला तर साखरेची नासाडी, जास्त झाला तर रस काळवंडतो. उसाच्या रसाला जी शिस्त, ती माशाच्या पाण्याला का नको? सामूच्या कागदी पट्ट्या काही महाग नाहीत.

तेव्हा तीन गोष्टी कराच. रानाचे पाणी तळ्यात येऊ नये म्हणून काठाला उंच बांध घाला. कोपरापर्यंत हात बुडवून तळवा दिसेनासा झाला तर शेणखत थांबवा. आणि चुन्याची गोणी फोडण्याआधी सामू बघा. मासा मरायला एक रात्र पुरते. त्यावर घातलेले वर्षाचे खाद्य आणि मेहनत मात्र परत येत नाही.

– ऊस विकास अधिकारी