ती ओरडली का नाही?

२६ मार्च १९७२ ची रात्र. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातले देसाईगंज पोलीस ठाणे. भावाने दिलेल्या तक्रारीवरून एका आदिवासी मुलीला जबाबासाठी तिथे आणले होते. वय चौदा ते सोळाच्या दरम्यान. साडेदहाच्या सुमारास सगळे निघाले, तिला मात्र थांबवून घेतले गेले. तिची माणसे बाहेर उभी होती आणि दार आतून बंद झाले. सत्र न्यायालयाने तिच्यावरच्या अत्याचाराचा आरोप असलेल्या ठाण्यातल्या दोन पोलिसांना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा निर्दोष ठरवले. का, तर अंगावर जखमा नव्हत्या आणि ती ओरडली हे न्यायालयाला पटले नाही.

भीतीने मुकाट सोसणे वेगळे आणि संमती वेगळी, हे नागपूरच्या न्यायाधीशांना कळले होते. आपल्या समाजाला ते आजही कळलेले नाही. अत्याचाराची बातमी आली की पारावर, टपरीवर, सोसायटीच्या आवारात पहिला प्रश्न तोच निघतो: ओरडली का नाही? दुसरा: इतके दिवस गप्प का बसली? हे प्रश्न परकेच विचारतात असे नाही. घरातली आत्या विचारते, मामा विचारतो, पोटच्या पोरीला आई विचारते. आरोपीला मात्र कोणी काही विचारत नाही.

पायाशी नाग निघाला की धडधाकट पुरुषाचेही पाय जागीच खिळतात, तोंडून शब्द फुटत नाही. त्याला कोणी म्हणत नाही की नाग तुला हवाच होता. पराकोटीच्या भीतीत शरीर थिजते, हात उचलत नाही, आवाज निघत नाही. तिथे इच्छेचे काही चालत नाही. अत्याचारानंतर स्टॉकहोममधल्या विशेष उपचार केंद्रात आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या सुमारे सत्तर टक्के स्त्रियांनी अत्याचाराच्या वेळी असे थिजल्याचे सांगितले होते. आठवणीचेही तसेच. एखादा वास, एखादा आवाज जन्मभर पुसला जात नाही आणि घटनांचा क्रम मात्र विस्कटतो. उलटतपासणीत तो विस्कटलेला क्रम धरूनच तिला खोटी ठरवले जाते.

हे ज्यांना ठाऊक आहे, ते मानसशास्त्रज्ञ कुठे आहेत? देसाईगंजच्या निकालाविरुद्ध १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले ते उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या प्राध्यापकांनी. रस्त्यावर उतरल्या त्या स्त्रिया. त्यातून बलात्काराच्या कायद्यात १९८३ ची दुरुस्ती झाली आणि पुढे २०१३ मध्ये, केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती मानता येणार नाही, असे कायद्याने स्पष्ट लिहिले. जे ज्ञान मानसशास्त्राने न्यायालयाच्या दारात नेऊन ठेवायचे, ते मोर्चे काढून मिळवावे लागले. आणि आपले तज्ज्ञ? कंपन्यांत ताणमुक्तीच्या कार्यशाळा घेण्यात ते रमले आहेत. आरोपी वेडा होता का, हे सांगायला त्यांना साक्षीला बोलावतात. मुलगी का थिजली, हे सांगायला कोण बोलावतो? आणि बोलावले नाही, तर आपण होऊन जायला कोणी अडवले आहे?

मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्यात बालमनाची थोडी जाण उतरली आहे. मुलाचा जबाब गणवेशातल्या पोलिसाने घ्यायचा नाही, साक्ष देताना आरोपी त्याच्या नजरेसमोर येऊ द्यायचा नाही, वारंवार विश्रांती द्यायची. पण कागदावरची ही जाण तालुक्याच्या ठाण्यात पोचवायला माणूस लागतो. तसा माणूस बसवता येतो. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तालयातच महिला व बालकांसाठी विशेष कक्ष उघडला आणि तिथे प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या बसवल्या.

महाराष्ट्रात मानसशास्त्राचे विभाग आहेत, मानसतज्ज्ञांच्या संघटना आहेत, वर्षाला अधिवेशने भरतात. पुढचे अधिवेशन त्यांनी हॉटेलात न भरवता जिल्हा न्यायालयाच्या वकील संघाच्या सभागृहात भरवावे. समोर सरकारी वकील, बचावाचे वकील, ठाणे अंमलदार आणि गावचे पोलीसपाटील बसवावेत. आणि त्यांना एकच विषय शिकवावा: भ्यालेले शरीर काय करते.