लेखकाचा नव्हे, संहितेचा मृत्यू

७ मार्च २०१६ रोजी मायक्रोसॉफ्टने 'फेबल लेजंड्स' या व्हिडिओ गेमचे काम थांबवत असल्याचे जाहीर केले. तो घडवणारा इंग्लंडमधील लायनहेड स्टुडिओ बंद करण्याचा प्रस्ताव असल्याचेही त्याच निवेदनात होते. २९ एप्रिलला स्टुडिओ प्रत्यक्षात बंद झाला. जवळजवळ वीस वर्षांचा एक अध्याय आठ आठवड्यांत आटोपला.

लायनहेडविषयी तेव्हापासून एक ठरावीक कथा सांगितली जाते. पीटर मॉलिन्यू नावाचा एक प्रतिभावान पण वाचाळ माणूस होता, त्याने न पेलणारी स्वप्ने विकली, ती पुरी झाली नाहीत आणि अखेर स्टुडिओ बुडाला. ही कथा सुटसुटीत आहे, तिला नायक आहे, अहंकार आहे, पतन आहे. म्हणूनच साहित्याचा अभ्यास करणाऱ्यांनी तिच्याकडे संशयाने पाहायला हवे. एका माणसाच्या स्वभावदोषातून एका संस्थेचा अंत समजावून देणारी समीक्षा आपण कादंबरीच्या बाबतीत केव्हाच मोडीत काढली. रोलाँ बार्थने १९६७ साली लेखकाचा मृत्यू जाहीर केल्याचे आपण वर्गावर्गातून शिकवतो. मग व्हिडिओ गेमचा विषय निघाला की तोच लेखक जिवंत होऊन सिंहासनावर कसा बसतो?

आधी घटनाक्रम पाहू. १९८० च्या दशकारंभी ब्रिटनमध्ये स्वस्त घरगुती संगणक आले. बीबीसीच्या संगणक-साक्षरता मोहिमेमुळे ते शाळांतही पोहोचले आणि घरातल्या खोलीत बसून एकट्याने किंवा दुकट्याने खेळ रचणारी एक पिढी तयार झाली. मॉलिन्यू याच पिढीचे. त्यांनी लेस एडगर यांच्यासह गिल्डफर्ड येथे १९८७ साली बुलफ्रॉग हा स्टुडिओ काढला. १९८९ च्या 'पॉप्युलस'मध्ये खेळणाऱ्याला देवाची भूमिका देऊन त्यांनी खेळाचा एक नवा प्रकारच रूढ केला. १९९५ साली इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या अमेरिकी कंपनीने बुलफ्रॉग विकत घेतला, दोन वर्षांत मॉलिन्यू बाहेर पडले आणि नव्या शतकाच्या आरंभी ते नाव कंपनीच्या ब्रिटिश शाखेत विरून गेले. मॉलिन्यू, मार्क वेब्ली, टिम रॅन्स आणि स्टीव्ह जॅक्सन यांनी उभारलेला लायनहेड हा त्यानंतरचा डाव. वेब्ली यांच्या पाळीव हॅम्स्टरचे नाव स्टुडिओला मिळाले, आणि तो प्राणी लवकरच मेला.

यातले जॅक्सन कोण हे साहित्याच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. १९८२ साली इयन लिव्हिंगस्टन यांच्यासह त्यांनी एका कथापुस्तकमालेचा आरंभ केला होता. 'हा मार्ग घ्यायचा असेल तर अमुक परिच्छेदाकडे वळा' अशी तिची रचना होती. वाचकाच्या निवडीने कथानक वळवण्याचा छापील प्रयोग करणारा माणूस या स्टुडिओच्या संस्थापकांत होता. छापील कथेचा आणि लायनहेडचा असा थेट संबंध असताना आपण या खेळांना साहित्याच्या अंगणाबाहेर उभे करतो.

लायनहेडचा पहिला खेळ 'ब्लॅक अँड व्हाइट' २००१ साली आला. खेळणारा इथे एका बेटावरचा देव. पडद्यावर त्याचा फक्त एक हात दिसतो. त्याच्याजवळ गाय, वानर किंवा वाघ असा एक प्राणी असतो. हा प्राणी मालकाचे पाहून शिकतो, गोंजारल्याने आणि मारल्याने त्याला वळण लागते. गावकऱ्यांना खाऊ घालणारा देव सौम्य प्राणी घडवतो, त्यांना भिरकावणारा देव क्रूर प्राणी घडवतो. आपण स्वतः विसरलेले आपले वर्तन दुसऱ्या देहातून आपल्यासमोर येते. असा अनुभव छापील कथेला सहजासहजी देता येत नाही. या प्राण्यामागील कृत्रिम बुद्धिमत्तेवर अनेकांनी काम केले. पुढे २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळवणारे डेमिस हसाबिस हेही आरंभीच्या काळात त्यांत होते.

'फेबल' २००४ चा. कार्टर बंधूंच्या बिग ब्लू बॉक्स या उपस्टुडिओत त्याची कल्पना रुजली होती. ब्रिटनचेच प्राचीन नाव असलेल्या अल्बियन या देशात एक मुलगा वाढतो, म्हातारा होतो, आणि त्याच्या कर्मांप्रमाणे त्याच्या डोक्यावर शिंगे येतात किंवा तेजोवलय येते. नीतिकथेचे हे सोपे यंत्र दुसऱ्या भागात, २००८ साली, चांगलेच अवघड झाले. खेळाच्या शेवटी तीन वर मांडले जातात: बळी गेलेल्या हजारोंचे प्राण, स्वतःच्या जिवलगांचे प्राण, किंवा अमाप सोने. त्या जिवलगांत आरंभापासून सोबत चाललेला एक कुत्रा आहे. तत्त्वासाठी हजारोंना वाचवणे योग्य हे सर्वांना कळते, पण दहा-पंधरा तास त्या कुत्र्याच्या मागून चालल्यावर ते 'योग्य' किती जड असते ते हातातल्या बटणावर जाणवते. शोकांतिकेविषयी आपण वर्गात जे सांगतो ते याहून फार वेगळे असते काय?

आता वचनांविषयी. 'फेबल'मध्ये जमिनीत पेरलेल्या ओकच्या बीचा काळाच्या ओघात वृक्ष होईल, असे मॉलिन्यू यांनी म्हटले होते. वृक्ष काही झाला नाही. खेळ प्रसिद्ध होताच त्यांनी न पाळलेल्या आश्वासनांबद्दल जाहीर क्षमा मागितली. ते बी पुढे एक म्हण होऊन बसले. माझा आक्षेप त्या थट्टेवर नाही, तिने समीक्षेची जागा घेतली यावर आहे. खेळ काय आहे हे बाजूला राहिले, तो काय होणार होता याचीच मोजदाद चालली. प्रस्तावनेत लेखकाने काय सांगितले यावरून कादंबरीला गुण देणारा परीक्षक आपण परीक्षकच मानणार नाही.

शिवाय या गदारोळात एक गोष्ट फारशी कोणी बोलली नाही. २०१० चा 'फेबल ३' हा वचनभंगावरचाच खेळ आहे. नायक बंड करताना प्रत्येक समाजगटाला वचने देतो. राजा झाल्यावर त्याला कळते की येऊ घातलेल्या संकटापासून प्रजा वाचवायची तर खजिन्यात पासष्ट लाख सुवर्णमुद्रा हव्यात आणि त्या सहजी जमवायच्या तर वचने मोडावी लागतील. आपला भाऊ जुलमी का झाला होता याचे उत्तर नायकाला सिंहासनावर बसल्यावर मिळते. आश्वासने न पाळण्यासाठी गाजलेल्या स्टुडिओने आश्वासन आणि खजिना यांच्यातील ताणावर एक पूर्ण कृती रचली. अंमलबजावणीत ती उत्तरार्धात घाईची झाली आहे हे मान्य. परंतु ही संगती दिसण्यासाठी कृती वाचावी लागते, मुलाखती नव्हे.

मग लायनहेड का बंद पडला? २००५ साली आलेल्या 'द मूव्हीज' आणि 'ब्लॅक अँड व्हाइट २' यांना अपेक्षित विक्री लाभली नाही आणि २००६ च्या एप्रिलमध्ये मायक्रोसॉफ्टने स्टुडिओ विकत घेतला. त्यानंतरच्या दहा वर्षांत बाजारात आलेले त्याचे महत्त्वाचे खेळ बहुतांशी 'फेबल' याच नावाचे होते. २०१२ मध्ये मॉलिन्यू बाहेर पडले. 'फेबल लेजंड्स'ची घोषणा २०१३ ची, म्हणजे त्यांच्या पश्चातली. एकट्याने अनुभवायच्या कथेऐवजी चार नायक विरुद्ध एक खलनायक असा ऑनलाइन सामना, खेळ फुकट आणि उत्पन्न आतल्या खरेदीतून, असे त्याचे स्वरूप होते. त्या वर्षांत बड्या कंपन्यांना संपणारी कथा नको होती, न संपणारी सेवा हवी होती. कथा सांगण्यात मुरलेल्या मंडळींकडून सेवा घडवून घेण्याचा हा खटाटोप फसला. वाचाळ द्रष्ट्याची कथा इथे काहीच उलगडत नाही, कारण द्रष्टा चार वर्षांपूर्वीच गेलेला होता. २०२१ साली एक्सबॉक्सच्या इतिहासावरील अधिकृत माहितीपटात कंपनीच्या धुरीणांनीच लायनहेडची हाताळणी चुकल्याचे मान्य केले. तोवर पाच वर्षे उलटली होती.

यावर एक सांत्वन नेहमी पुढे केले जाते: माणसे कुठे गेली, त्यांनी नवे स्टुडिओ काढलेच की! खरे आहे. लायनहेडमधून बाहेर पडलेल्यांनी २००६ मध्ये मीडिया मॉलिक्यूल उभारला, वेब्ली आणि सहकाऱ्यांनी पुढे टू पॉइंट स्टुडिओ काढला. माणसे तगली याचा आनंदच आहे. पण संहितांचे काय?

'फेबल लेजंड्स' मर्यादित चाचणीत खेळला जात होता. त्याचे सर्व्हर १३ एप्रिल २०१६ ला बंद झाले आणि ती कृती वाचनातून कायमची गेली. अपूर्ण कादंबरीचे हस्तलिखित निदान पेटीत सापडते, इथे पेटीच नाही. स्टुडिओ बंद होऊन कित्येक वर्षे लोटली, तरी 'ब्लॅक अँड व्हाइट'ची अधिकृत डिजिटल आवृत्ती निघाली नाही. कृती एका कंपनीची, मूळ प्रकाशक दुसरी, आणि रसिकांनी स्वतः लिहिलेल्या दुरुस्त्यांवर ती कशीबशी तगून आहे. 'द मूव्हीज'ची गोष्ट याहून बोलकी. हा खेळ खेळणाऱ्याला चित्रपट बनवू देत असे. २००५ च्या शरदात पॅरिसच्या उपनगरांत दंगली उसळल्या तेव्हा एका फ्रेंच तरुणाने याच खेळात एक लघुपट रचला आणि वृत्तवाहिन्यांत न उमटलेली स्थलांतरितांच्या मुलांची बाजू मांडली. तो जगभर पाहिला गेला. असे चित्रपट देवघेव करण्यासाठी स्टुडिओने चालवलेली व्यवस्था २००८ मध्ये बंद झाली.

हे केवळ एका स्टुडिओपुरते नाही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या खेळांपैकी सुमारे ८७ टक्के आज बाजारात अधिकृतपणे मिळतच नाहीत. आणि २०२४ मध्ये तेथील कॉपीराइट कार्यालयाने ग्रंथालयांना असे खेळ संशोधकांना दुरून उपलब्ध करून देण्याची सवलत नाकारली.

'शेवटी खेळच तो, बाजाराची वस्तू. विकली गेली नाही तर संपली,' असे म्हणणारे आपल्या विभागांतही आहेत. त्यांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली, कादंबरी हीसुद्धा बाजाराचीच वस्तू म्हणून वाढली; हप्त्याहप्त्याने विकली गेली, कथानके विक्रीनुसार लांबली. त्यामुळे तिचे वाङ्मयीन मोल कोणी नाकारत नाही. दुसरी, ब्रिटिश शासनाने २०१४ पासून व्हिडिओ गेमना करसवलत दिली ती चित्रपटांसारखीच एक सांस्कृतिक कसोटी लावून. म्हणजे पैसा देताना ही संस्कृती, आणि जपताना मात्र वस्तू! याउलट फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात १९९२ च्या कायद्यानुसार ग्रंथांप्रमाणेच व्हिडिओ गेमच्याही प्रती जमा कराव्या लागतात. म्हणजे प्रश्न अशक्यतेचा नाही, इच्छेचा आहे.

ही इच्छा निर्माण करणे हे कोणाचे काम? कंपनीचे नाही, तिच्यापाशी 'फेबल' हे नाव उरले आहे, आणि २०२० मध्ये तिने त्याच नावाचा नवा खेळ दुसऱ्या ब्रिटिश स्टुडिओकडे सोपवल्याचे जाहीरही केले. तिच्या दृष्टीने काहीच हरवलेले नाही. हरवले आहे ते वाचकाचे. आवृत्ती, पाठभेद, सामूहिक कर्तृत्व, हस्तलिखिताची परंपरा यांची परिभाषा साहित्याच्या विभागांनी शतकभर घासूनपुसून ठेवली आहे, आणि नेमक्या याच परिभाषेची या कृतींना गरज आहे. एकाच खेळाच्या मूळ आणि दुरुस्त आवृत्तींत काय बदलले, कोणत्या प्रसंगाचे लेखन कोणाचे, कोणती वाट शेवटी गाळली, हे पाठचिकित्सेचेच प्रश्न आहेत. मौखिक परंपरेतील ओव्या गोळा करणाऱ्यांनी 'हे छापील नाही, म्हणून वाङ्मय नाही' असे म्हटले असते तर आपल्या हाती काय उरले असते?

तेव्हा पुढच्या वेळी निवडीच्या कथनरूपांवर तास घेताना एक खेळ अभ्यासाला लावावा, तो मिळवताना किती अडचणी येतात याची विद्यार्थ्यांना नोंद करायला सांगावी, आणि त्या नोंदी प्रसिद्ध कराव्यात. ग्रंथालय समितीकडे खेळांची मागणी लेखी करावी. नकार आला तर तोही लेखी घ्यावा. मॉलिन्यू यांच्या ओकच्या बीची थट्टा वीस वर्षे झाली. ते बी जिच्यात पेरले होते ती जमीनच कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न आता विचारायला हवा.