डॉक्टर, ही दुर्बीण शिकलात कुठे?

पित्ताशयात खडे झाले, गर्भपिशवी काढायची आहे किंवा बीजकोशात गाठ आहे, असं कळलं की हल्ली तालुक्याच्या गावीही पहिला प्रश्न येतो, ‘दुर्बिणीने होईल ना?’ मोठी चीर नाही, तीन-चार छोटी भोकं आणि बाई लवकर घरी. जिच्यावाचून घर अडतं, तिला याचं मोल सांगायला नको. पण मैत्रिणींनो, आपण दुर्बीण आहे का ते विचारतो, ती चालवणारा हात कुठे तयार झाला ते विचारत नाही.

आपल्याकडे दुर्बिणीतून पित्ताशय काढायला सुरुवात झाली १९९० साली, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात. डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी ती केली. पोट उघडून ऑपरेशन करण्यात मुरलेल्या सर्जनांनाही हे तंत्र नव्याने शिकावं लागलं. कारण नजर पोटात नाही, पडद्यावर असते. हात डावीकडे नेला की आत हत्याराचं टोक उजवीकडे जातं. साध्या पडद्यावर खोली नीट कळत नाही, बोटांना स्पर्शही पूर्वीसारखा समजत नाही. १९९० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत बरेच सर्जन शनिवार-रविवारच्या वर्गात हे शिकले आणि कामाला लागले. त्या काळात पित्तनलिकेला इजा होण्याचे प्रकार वाढले. भोगलं ते पेशंटनी.

खरं तर गुरूच्या शेजारी उभं राहून महिनोन्‌महिने शिकावं असं हे काम. पण गावातला एकुलता एक सर्जन दवाखान्याला कुलूप लावून जाणार कसा? इथे व्हिडिओ मदतीला येतो. फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या ‘इरकाड’ या संस्थेने २००० सालापासून ‘वेबसर्ग’वर ऑपरेशनचे व्हिडिओ मोफत दाखवायला सुरुवात केली. याच संस्थेचे डॉ. जाक मारेस्को यांनी सप्टेंबर २००१ मध्ये न्यूयॉर्कला बसून, स्ट्रासबर्गमधल्या ६८ वर्षांच्या बाईंचं पित्ताशय यंत्राच्या हातांनी काढलं. तो थाट काही रोजचा झाला नाही. पण दूर बसून शिकवणं मात्र शक्य झालं. विद्यार्थ्याला पडद्यावर जे दिसतं तेच शेकडो मैलांवरच्या गुरूला दिसतं. तो रेघ ओढून सांगू शकतो, ‘इथे कापू नका, आधी ही नळी नीट मोकळी करा.’

तरीही माझं म्हणणं असं, की नुसतं बघणं म्हणजे शिकणं नव्हे. टीव्हीवर पाहून पुरणपोळी लाटता येते का? हात बसावा लागतो. म्हणूनच शिकणाऱ्याला आधी कॅमेरा लावलेल्या खोक्यात सराव करावा लागतो. छोट्या वस्तू एका खुंटीवरून दुसरीवर नेणं, कापडावर आखलेला गोल कापणं, गाठ मारणं. मग त्याच्या हाताचा व्हिडिओ कुणी जाणत्याने पाहून चुका दाखवायला हव्यात.

याला आधार आहे. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये वजन कमी करण्याची ऑपरेशनं करणाऱ्या २० सर्जननी आपापला एकेक व्हिडिओ दिला. नावं न कळता इतर सर्जननी त्यांना गुण दिले. २०१३ साली निष्कर्ष छापून आला. सर्वांत कमी गुणांच्या गटातल्या पेशंटपैकी १४.५ टक्क्यांना गुंतागुंत झाली, वरच्या गटात ५.२ टक्क्यांना. म्हणजे व्हिडिओतून हात ओळखता येतो. मग आपली चूक दुसऱ्याला दाखवायची तयारी डॉक्टरांनी ठेवायला काय हरकत आहे?

एक मात्र लक्षात ठेवायचं. लांबचा गुरू रक्तस्राव थांबवायला धावून येऊ शकत नाही. फोन लागेनासा झाला तर पोट उघडून काम पुरं करणारा माणूस टेबलापाशीच हवा. आणि तशी वेळ आली तर ते अपयश नव्हे, शहाणपण आहे.

माझ्या वहिनीचं ऑपरेशन ठरलं तेव्हा आम्ही डॉक्टरांना सरळ विचारलं, ‘अशी किती केलीत? अडलं तर काय कराल?’ ते रागावले नाहीत, उलट खुर्ची पुढे ओढून समजावून सांगू लागले. तुम्हीही विचारा. आणखी एक विचारा, ‘माझ्या ऑपरेशनचा व्हिडिओ काढणार का, कोण बघणार, त्यात माझं नाव येणार नाही ना?’ शिकण्यासाठी द्यायचा तर जरूर द्यावा, पुढच्या बाईच्या उपयोगी पडेल. पण आपल्याला विचारून. सहीचा कागद पुढे आला की तो आधी वाचायचा, मग सही करायची.